लाकडाचे कान

—आणि पडदा बाजूला झाला. आधी ऊन आत आलं, उन्हामागून एक डोकं.

"बॅटरी ठेवू का हो इथं? उन्हानं तापून राह्य—"

वाक्य तिथेच अडकलं.

वडनेर भोलजीची वरात वेशीपाशी थांबली होती. पुढे बँड, मध्ये घोड्यावर नवरदेव, आणि सगळ्यांच्या मागे एक छकडा. छकड्याला चारी बाजूंनी सतरंज्यांचे पडदे. आत सोजरा. तिच्या खांद्यावर डोकं टेकून, एखाद्या दमलेल्या माणसासारखं तिरपं पडलेलं एक प्रचंड लाकडी वाद्य. सारंगीच म्हणा, पण माणसाहून उंच. चार जाड तारा. तिची बोटं अजून तारांवरच होती.

त्या माणसाने बोटं पाहिली. मग मनगटं पाहिली, त्यांत बांगड्या नव्हत्या. मग कपाळ.

वरातीत विधवेची सावली पडू नये, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बाहेर क्लॅरिनेट किंचाळत होती.

"ठेवा," शेवटी तीच म्हणाली. "अन् पडदा सोडा. लवकर."

त्याने मोटारीची जड बॅटरी आत सरकवली. तो नवरीकडच्यांनी बोलावलेला भोंगेवाला होता. खांद्यावर तारेचं वेटोळं, खिशात पक्कड. पडदा मात्र त्याने सोडला नाही.

"हे काय हाय?"

"डबल बास. लोकं म्हैस म्हणतात."

"वाजते का?"

"मंग काय दूध देते?"

त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "मी अख्खी वरात हिच्या बाजूनं चाललो बाई. मले वाटलं, गाडीत सरकीचं पोतं हाय."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. हसू आलं, तेही कुठल्या तरी जुन्या, बंद खोलीतून आल्यासारखं, धुळीसकट. तिने ओठ दाबले.

"कोणाले सांगू नका."

"काय? म्हैस हाय ते?"

"मी हाय ते."

तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग पडदा सोडता सोडता म्हणाला, "मले तर पोतंच दिसलं."

—

त्याचं नाव शालिग्राम. हे तिला नंतर कळलं, तिच्या वडलांकडून, कारण वरात संपल्यावर तो वामनरावांना शोधत आला होता. विचारत होता, ती तुमची म्हैस हंबरावी असं तुम्हाला वाटते का?

वामनरावांना काय वाटत होतं, ते चिखलीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे हसत होते. घरची वांगी-मिरच्यांची वाडी, आणि लग्नसराईत बँड. लढाईच्या काळात ते कामठीच्या छावणीत वाजवायला होते, गोऱ्या सोल्जरांच्या नाचाच्या बँडमध्ये, मागच्या रांगेत. लढाई संपली, पलटण निघून गेली, सामान लिलावात निघालं. लोकांनी तंबू घेतले, बूट घेतले, कांबळी घेतली. वामनरावांनी हे घेतलं. मालगाडीतून मलकापूर, तिथून बैलगाडीत चिखली. वाटेत लोक विचारत, मयत कोणाची हाय?

"वरचे सगळे सूर हवेत असतात," ते म्हणत. "खालून जमीन पाहिजे. जमीन नाई तं बँड म्हणजे नुसती पाखरं."

पण जमीन कुणाला ऐकूच येत नव्हती. नाचघराच्या चार भिंतींत घुमणारा तो खोल आवाज उघड्या आभाळाखाली दोन हातांवर विरून जायचा. त्यात वामनरावांच्या डाव्या हाताची बोटं आखडत गेली. सोजरा तेव्हा नुकतीच देऊळगावहून परतली होती. नवरा तापाने गेला, सासरी कुणी 'राहा' म्हटलं नाही. दुपारी करायला काही नसे. वडलांनी तिची बोटं तारांवर ठेवली. पुढे बोटं तारांवर राहिली आणि ती पडद्याआड.

खामगावचे मोठे बँड आता चिखलीपर्यंत सुपाऱ्या नेऊ लागले होते. वामनरावांपाशी त्यांच्याहून वेगळं असं एकच होतं, आणि ते मुकं होतं.

—

पहिल्या खेपेला शालिग्राम सर्व्हिस मोटारच्या टपावर भोंगा बांधून आला. नाल्यापलीकडच्या मोकळ्या जागेत छकडा उभा केला, पडदे सोडलेले. वामनराव म्हणाले होते, जशी वरातीत असते तशीच तपासा. त्याने माईक वाद्यापुढे टांगला, लांब तार ओढत भोंगा दूर नेऊन ठेवला, आणि स्वतः आणखी पुढे, कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिला.

"ऐकू आलं की हात वर करतो," त्याने सांगितलं होतं. "मी वरडलो तं तुम्हाले नाई ऐकू येणार. हात पाहा."

सोजराने तार छेडली.

भोंग्यातून जे निघालं, त्याला आवाज म्हणता येणार नाही. कुणीतरी पत्र्याला सोलत होतं. बैल उधळले, छकडा कलला, आणि सोजराच्या तोंडून "अगं आई! मेली आता!" निघालं. ते माईकने घेतलं आणि भोंग्याने अख्ख्या चिखलीला वाटलं.

पडद्याच्या फटीतून तिने पाहिलं. कडुलिंबाखालचा माणूस हात वर करून उभा होता.

शेजारची झुंबरबाई मात्र धावत आली. "सोजरे! तू भोंग्यात काऊन मरून राह्यली वं? माह्या हातची भाकर चुलीत पडली ना!"

सगळे हसले. वामनराव हसले नाहीत. त्यांनी हळूच शालिग्रामला बाजूला घेतलं. वरातीत जर गाडीतून बाईचा आवाज आला तर? लोक पडदा उघडतील. ज्या बँडात विधवा वाजवते, त्या बँडाला दुसऱ्या दिवशी कुणी दारात उभं करणार नाही. आणि पोरीला तर…

शालिग्रामने मान हलवली. "म्हशीचा आवाज पाहिजे. त्यांचा नको."

पण जाताना छकड्यापाशी थांबला. पडद्याला तोंड लावून म्हणाला, "तुमचा आवाज कडुलिंबापावतर आला बरं का. चांगला आला."

पडदा आतून किंचित हलला. मग—

"मेली आता म्हटलेलं?"

"तेच."

—

"कर्णा नाई चालणार."

"काऊन?"

"त्याचा गळाच बारका. म्हशीले शेळीच्या गळ्यातून हंबरायले लावलं तं काय होईन?"

"में."

"हाव. तेच होऊन राह्यलं." तो हसला. "मोठं तोंड पाहिजे. लढाईतल्या रेडिओतला कागदाचा गोल कर्णा हाय माह्यापाशी. पण उघड्यावर तोही फुसकाच. त्याच्या मागं पोट पाहिजे."

"कसं पोट?"

"मोठं. रिकामं. बंद."

आता ते ओसरीवर बसत होते, मध्ये वाद्य आडवं. घरात पडदा नव्हता, पण तिने पदर पुढे ओढलेला असे.

"सांगू का… हसाल."

"हसन. सांगा."

"लहानपणी मी रिकाम्या कोठीत डोकं घालून गाणं म्हणत होती. आपल्या ज्वारीच्या कोठीत. आई धावत आली एकदा, म्हणे कोठीत कोणता बुवा शिरला! माहा आवाज असा… खाली गेला होता. जाड."

तो हसला नाही. तिच्याकडे पाहत राहिला, इतका वेळ की तिने नजर वाद्याच्या भोकांकडे वळवली.

"कोठी कुठं हाय?"

"मागं. उंदरानं पोखरली म्हणून रिकामी हाय."

"बाई," तो उठत म्हणाला, "तुम्ही वाजवायचं सोडा, माह्या संगं तार ओढायले चाला."

"तार ओढायले कायले? मी म्हैस राखते, तेच बेस."

—

मातीची कोठी. भोक बुजवलं. तोंडावर सागाची फळी, फळीला गोल भोक, भोकात तो कागदी कर्णा. पहिल्यांदा वाजवली तेव्हा आवाज घुमून घुमून स्वतःतच बुडाला. विहिरीत हाका मारल्यासारखा. मग सोजराने ओंजळ ओंजळ कापूस आत टाकायला सुरुवात केली. तिची ओंजळ, मग त्याची. एकदा दोघांच्या एकदम.

"बस," तो म्हणाला. "लय भरला तं झोपून जाईन."

"कोण?"

"आवाज."

त्याने हात काढला नव्हता. तिनेही. कापूस दोघांच्या बोटांमध्ये होता, आणि बाहेर फाल्गुनातलं आभाळ कुणाचं तरी वाईट ऐकल्यासारखं काळवंडत चाललं होतं.

मोतीराम क्लॅरिनेटवाला दारातून डोकावला. "का हो शालिग्राम, कोठी भरून राह्यले का रिकामी करून राह्यले?"

दोघांचेही हात एकदम बाहेर आले.

—

राहिला माईक.

त्या दिवशी त्याने खिशातून एक चपटा तुकडा काढला. ग्रामोफोनच्या पिकअपमधला, बोराच्या बीएवढा, केसाएवढ्या बारीक दोन तारा लटकलेल्या. वाद्याच्या तारा ज्या लाकडी पुलावर टेकतात त्याला घोडी म्हणतात. त्या घोडीच्या एका पायाखाली तो सरकवायचा होता. सायकलच्या ट्यूबचं रबर, वरून मेण. घोडी उचलून धरायला दोन हात लागत, सरकवायला दोन. तिने धरली. तो वाकला. त्याचं कपाळ तिच्या कोपराशी आलं.

काम करता करता तो सांगत होता. माईक हवेतलं ऐकते. हा हवेतलं ऐकतच नाई. याले कानच नाई हवेसाठी. लाकूड थरथरलं की तेवढं याले कळते, बस. याच्यापुढं तुम्ही रडा, हसा, गाणं म्हणा, बाहेर काई जाणार नाई. आता वरातीत भेव नाई तुम्हाले.

तिने हे ऐकलं नाही.

समोर होती, शुद्धीत होती, 'हं' सुद्धा म्हणाली. पण त्याच्या अंगठ्याला मेण लागलं होतं. ते थंड होत होत पांढरं पडत चाललं होतं, आणि ती ते पाहत होती. ते काढावं, नखाने, हळूच, त्याला कळणार नाही असं… एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तेवढं एक वाक्य तिने ऐकलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

—

कोठी नाल्याच्या पलीकडे, तोंड कडुलिंबाकडे. छकडा अलीकडे, पडद्यात. सोजराने सगळ्यात जाड तार छेडली.

आवाज झाला नाही. आवाज होता, आधीपासूनच, जमिनीत. तो फक्त उठून उभा राहिला. बैलांनी कान टवकारले, पण उधळले नाहीत. नाल्यातल्या पाण्यावर बारीक सुरकुती आली. कडुलिंबाखाली हात वर गेला, आणि त्याच्याही पलीकडे, पार बंधाऱ्याशी उभे असलेले वामनराव खाली बसले. उकिडवे. आखडलेला हात जमिनीवर पालथा ठेवून.

परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "धूळ," ते म्हणाले, आणि शालिग्रामच्या पाठीवर थाप मारायला गेले ती खांद्यावरच राहिली.

—

दुसऱ्या दिवशी चिखलीचा बाजार. गल्ली ओस. वामनराव मिरच्यांची पोती घेऊन गेलेले. शालिग्राम तारांचे सांधे घट्ट करायला म्हणून नाल्यावर आला. सांधे घट्टच होते. छकडा कालच्याच जागी उभा होता, आत सोजरा.

"मी उद्याच्या मोटारीनं जातो," तो पडद्याबाहेरून म्हणाला. "तंबूतल्या टॉकीजवाल्यानं बोलावलं. नागपूरकडं. पावसाळ्यापावतर फिरती हाय."

"बरं."

"नुसतं बरं?"

"मंग काय बँड वाजवू?"

तो हसला नाही. "तुमच्या बाबाले विचारलं मी."

"काय?"

"आमच्यात पाट लागते. तुमच्यातही लागते. मी एकटा हाय, घरी म्हातारी माय हाय, तिचं काई म्हणणं नाई." एवढं त्याने एका दमात म्हटलं, मग दम संपला.

पडद्याच्या आत सोजराने वाद्याची मान घट्ट धरली. पाट. विधवेचं दुसरं लग्न. अंधारात, दोन दिव्यांच्या उजेडात, बिनवाजंत्रीचं.

"बाबा काय म्हणाले?"

"पोरीले विचार म्हणाले. अन् बैलाले पाणी पाजायले गेले. बैल आत्ताच पाणी पिऊन आले होते."

बाबांची जमीन कालच उगवली होती. सोजरा गेली तर ती जमीन कोण वाजवणार?

"आत्ता नका सांगू," तो घाईने म्हणाला. "तोंडावर नाई म्हटलेलं मले नाई झेपणार. मी कडुलिंबापाशी जातो. तुम्ही गाडीतून सांगा. ऐकू आलं की हात वर करतो. नाई आलं तं… समजन."

त्याची पावलं नाल्यात उतरली. पाण्यात वाजली. पलीकडे चढली.

आभाळ खाली आलं होतं. वारा कडुलिंबाकडून इकडे येत होता आणि त्यात गारांचा वास होता. पडद्याच्या फटीत तो उभा, बोटाएवढा.

तार छेडायची? तार तर रोजच छेडली. तार म्हणजे ऐकू येतं का, नीट आहे का, एवढंच. याला शब्द हवा होता. ज्या आवाजाला तिचे वडील भ्यायले, सासरच्यांनी कधी विचारलं नाही, जो पडद्याआड ठेवायचा म्हणून एवढा खटाटोप, त्या आवाजात. भोंग्यातून, कोठीतून, साऱ्या चिखलीवर गेला तरी जाऊ दे.

तिने तोंड घोडीजवळ नेलं.

"हो," ती म्हणाली.

कडुलिंबाखाली…

"हाव. मी येते." आता मोठ्याने. "ऐकलं का? मी येते म्हणते. मले यायचं हाय."

कडुलिंबाखाली…

तिच्या कानांत तिचंच रक्त इतकं वाजत होतं, की कोठीतून काय गेलं न गेलं ते तिला उमगणं शक्य नव्हतं. "शालिग्राम!" तिने हाक मारली. नुसतं नाव, पुढे-मागे काही न लावता, जसं बायका घेत नाहीत तसं. "मी हो म्हणते हो!"

कडुलिंबाखाली तो उभा होता. हात खाली. वाऱ्याने त्याची टोपी उडाली, ती त्याने उचलली नाही. पहिली गार छकड्याच्या दांडीवर आपटली. मग दुसरी. तो बराच वेळ गारांत तसाच उभा राहिला.

मग वळला.

—

ऐकलं, आणि पस्तावला. असंच तिला वाटलं. दुसरं काय वाटणार?

—

त्या सराईत वामनरावांच्या बँडाला उसंत नव्हती. कोठीचा छकडा पुढे, पडद्याचा मागे, मध्ये लांब तार सांभाळत मोतीरामचा भाऊ. लोक कोठीला हात लावून पाहत, पोरं पोट टेकवून उभी राहत आणि गुदगुल्या झाल्यासारखी पळत. म्हाताऱ्या म्हणत, छातीत काहीतरी हलते बाप्पा. खामगावचे बँडवाले येऊन कोठीत डोकावून गेले, त्यांना आत कापूस दिसला आणि काही कळलं नाही.

सोजरा वाजवत होती. चांगलं वाजवत होती. घरी आली की बोलत नव्हती.

"पोरी, त्या शालिग्रामनं…" वामनराव एकदा जेवताना म्हणाले.

"भाजीत मीठ कमी हाय का बाबा?"

"नाई. बरोबर हाय."

झुंबरबाई एवढी बोलकी, पण तीही तिच्याशेजारी नुसती येऊन बसायची, लसूण सोलायची, उठून जायची.

—

जेठातलं लग्न, मेहकरच्या पलीकडचं एक गाव. उकाडा असा, की सतरंज्यांना घामाचा वास. वरात भर पेठेत. सोजराचा डावा हात तारांवर चढ-उतर करत होता, मन कुठेच नव्हतं. छकड्याच्या टपातून एक गांधीलमाशी आत आली, आणि तिच्या मानेवर, बरोबर कानाखाली, डसली.

"आई गं!"

किंचाळलीच ती. वाद्याच्या भोकावर तोंड होतं. पूर्ण जोराने.

आणि थिजली. संपलं. आता क्लॅरिनेट थांबेल, आता पडदा उघडेल, आता कुणीतरी म्हणेल, बाई! गाडीत बाई हाय! बाबांचं सगळं—

क्लॅरिनेट चालूच होती. ढोल चालूच होता. फटीतून मोतीरामची पाठ दिसत होती, तालात डुलत होती. एक म्हातारा कोठीच्या छकड्याला कान लावून चालत होता, अगदी लावून. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

तिची बोटं आपोआप वाजवत राहिली. मान जळत होती. ती हळूच घोडीवर वाकली.

"सोजरा," ती म्हणाली.

काही नाही.

"सोजरा वामनराव." मग मोठ्याने, पार मोठ्याने, "मी विधवा हाय अन् मी वाजवून राह्यली!"

म्हाताऱ्याने मान डोलावली. सुरावर.

तेव्हा, इतक्या उशिरा, ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलं. मेणाचा अंगठा आधी दिसला, आणि त्याच्यामागून, इतके दिवस कुठेतरी अडकून पडलेला आवाज. याच्यापुढं तुम्ही रडा, हसा, गाणं म्हणा… बाहेर काई जाणार नाई.

गारांत उभा होता तो. गारा लागत असताना. तिने एक तार छेडावी म्हणून.

तिची बोटं थांबली.

बँड हवेत गेला. सगळ्यांना कळलं, कशामुळे ते नाही, पण पायांखालून काहीतरी निघून गेल्यासारखी वरात अडखळली. वामनराव मागे धावत आले. पडद्याला तोंड लावून, दबक्या आवाजात, "काऊन थांबली पोरी? तार तुटली का?"

"बाबा, यातून बोललेलं बाहेर जात नाई."

"नाईच जात. तुह्यासाठीच तं केला त्यानं तसा."

"मी त्याले हो म्हटलं होतं."

बाहेर नवरदेवाचा मामा ओरडत होता, काय झालं हो बँडवाले, झोपले का?

"यातून म्हटलं?"

"यातूनच."

वामनरावांनी सतरंजीवर हात ठेवला. आतून तिला त्याचा आकार दिसला, आखडलेला. "वाजव," ते म्हणाले. "दुसऱ्याचं लग्न हाय. ते पुरं करू आधी."

—

मेहकरच्या पुढे रस्ता फुटतो. एक चिखलीला, एक खामगावला. कोठीचा छकडा, शालिग्रामने मागे ठेवलेलं आवाजाचं मशीन, बॅटरी, सगळं मोतीरामबरोबर चिखलीच्या वाटेला लागलं होतं. वामनरावांनी आपले बैल फाट्यावर उभे केले.

"टॉकीजवाले परतले म्हणते मोतीराम. खामगावात तंबू लागला हाय."

पडद्याच्या फटीतून तिने खामगावच्या वाटेकडे पाहिलं.

"बैल हाकू का तिकडं?"

"म्हैस मंग कोण वाजवंन बाबा?"

म्हातारा बैलांच्या शेपट्यांकडे पाहत राहिला. एक टिटवी ओरडत गेली. "मी ऐकली ना," तो म्हणाला. "बंधाऱ्यापाशी. लोकं तं मरेपावतर ऐकत नाई." मग कासरा ओढता ओढता, जरा रागानेच, "पाटाले वाजंत्री नसते. तेवढंच मले खटकते."

छकडा खामगावच्या वाटेला लागला. दगडांवरून जाताना चारही तारा आपल्याआप गुणगुणत होत्या.

—

खामगावचा कापूसबाजार. कापसाची सराई संपली तरी गाड्या, हमाल, हाका, सरकीचा वास, जिनाच्या गिरणीचा भोंगा. तंबूबाहेर एक लाकडी खांब, खांबाला शिडी, शिडीवर पाठमोरा एक माणूस. खांद्यावर तारेचं वेटोळं. तो कर्णा बांधत होता. खालून कुणीतरी त्याच्यावर ओरडत होतं, लवकर कर बे.

वामनरावांनी छकडा रस्त्याच्या कडेला घेतला आणि खाली उतरले. बैलांना पाणी पाजायला. बादली त्यांच्याकडे नव्हती.

सोजराने पडद्याला हात घातला. हात थोडा वेळ तिथेच राहिला. बाजारात उजेड फार होता. मग तिने सतरंजी ओढली आणि टपावर टाकून दिली. दोन हमाल थांबून बघू लागले. एक बाई दुसरीच्या कानाला लागली. कोरं कपाळ, रिकामी मनगटं, मांडीशी म्हशीएवढं वाद्य. घोडीखालचा तुकडा जागेवर होता, पण त्याच्या दोन बारीक तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या, नुसत्या लोंबत होत्या.

हाक मारता आली असती. हाकेच्या अंतरावरच होता.

तिने सगळ्यात जाड तार धरली. अंगठा आणि दोन बोटं. ओढली. सोडली.

एकदाच.

तो आवाज पहिल्या हमालापर्यंतही गेला नाही. तो तिच्या गुडघ्यात गेला, छकड्याच्या फळीत, चाकात, मातीत. वर जिनाचा भोंगा वाजत होता, गाड्यांची खडखड, ओरडा. कुणाला काही ऐकू आलं असं म्हणायला जागाच नव्हती.

शिडीवरच्या माणसाची पक्कड थांबली.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. आधी त्याचा हात वर गेला.